‘ढाकामध्ये’ नव्हे, ढाक्यात

काल पुन्हा एका वाहिनीवर पट्टी सरकत होती: ‘ढाकामध्ये तणाव’. सकाळी एका पोर्टलवर ‘ढाकाची लोकसंख्या’ वाचून झालंच होतं. 2024 च्या ऑगस्टपासून बांगलादेश रोज बातम्यांत आहे, त्यामुळे हा ठसका रोज लागतो.

अहो, मराठीत आकारान्त गावाला प्रत्यय लागला की नाव वळतं. सातारा-साताऱ्यात, पाटणा-पाटण्याला. महाराज आग्र्याहून सुटले. ‘आग्रामधून’ सुटले असं कुणी लिहिलं असतं तर बखरकारानं पेटाऱ्यांसकट परत पाठवलं असतं. आणि ढाका काही आपल्याला काल कळलेलं गाव नाही. ‘ढाक्याची मलमल’ हे शब्द कधीही बंगाल न पाहिलेल्या आज्यांच्या तोंडी होते. त्यांना ‘ढाकाची मलमल’ म्हणून दाखवलं असतं तर हसल्या असत्या.

आता कुणीतरी म्हणेल, अधिकृत नाव बदललंय ना, मग त्याला हात कशाला लावायचा? तर बदललं काय ते बघू. 1982 मध्ये इर्शाद यांच्या लष्करी राजवटीत इंग्रजी स्पेलिंग बदललं, बस्स. डी-ए-सी-सी-ए जाऊन डी-एच-ए-के-ए आलं. बंगालीत ते आधीही ढाका होतं, मराठीतही ढाकाच. आपल्या मुंबईचं 1995 मध्ये झालं तसंच: घरचं नाव तेच, इंग्रजी उशिरा शुद्धीवर आली. विमानतळाचा संकेत मात्र अजून ‘डीएसी’च आहे.

खरं सरकारी नाव त्या शहराला वेगळंच मिळालं होतं. 1610 च्या सुमारास मुघल सुभेदार इस्लामखानानं तिथं बंगालची राजधानी नेली आणि बादशहाच्या नावावरून ‘जहांगीरनगर’ केलं. नाण्यांवर, फर्मानांत हेच नाव. आणि इथं आपला जुना पाहुणा येतो. 1663 च्या एप्रिलमध्ये लाल महालात बोटं गमावलेल्या शायिस्तेखानाला औरंगजेबानं बंगालच्या सुभ्यावर पाठवलं. आपल्या पाठ्यपुस्तकात खान तिथंच संपतो. तिकडे तो 1664 मध्ये जहांगीरनगरला पोचला आणि मधला थोडा काळ सोडला तर 1688 पर्यंत तिथं राहिला. तिथल्या लोकांना तो स्वस्ताईसाठी आठवतो: रुपयाला आठ मण तांदूळ! ‘शायेस्ता खाँचा अमल’ हा तिकडे सुकाळासाठीचा वाक्प्रचार आहे. लालबाग किल्ल्याचं काम शाहजादा आझमनं 1678 मध्ये सुरू केलं, ते पुढं खानाकडे आलं. पण 1684 मध्ये त्याची मुलगी परीबीबी वारली आणि किल्ला अर्धवट राहिला. तिची कबर तिथंच आहे. (आपल्याकडे खानाचं नाव निघालं की हशा, तिकडे उसासा. एकाच माणसाचे दोन सुभे.)

तर हे एवढं सरकारी जहांगीरनगर. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या 1666 मध्ये खानाला तिथं जाऊन भेटला आणि लिहिताना त्यानं लिहिलं ‘डाका’च. बाजारात जे बोलत होते तेच त्याच्या कानावर पडलं असणार. 1717 मध्ये राजधानी मुर्शिदाबादला गेली, जहांगीरनगर कागदावरूनही हळूहळू उतरलं. आज ते उरलंय ढाक्याजवळच्या सावारच्या एका विद्यापीठाच्या पाटीवर, तेही 1970 पासून.

ढाका टिकलं ते बोलणाऱ्यांमुळं. ‘बावन्न बाजार, त्रेपन्न गल्ल्या’ अशी जुन्या ढाक्याची ओळख सांगतात. शांखारी बाजार म्हणजे शंखाच्या बांगड्या कापणाऱ्यांचा, ताँतीबाजार विणकरांचा. पुण्याच्या तांबट आळी, बुरूड आळीसारखंच, धंदा गेला तरी नाव जात नाही. शांखारी बाजारातली घरं इतकी अरुंद की पुढून एक खोलीभर रुंदी आणि आत बोगद्यासारखी लांबच लांब.

आणि ‘ढाका’ म्हणजे नक्की केवढं, हेही आपल्या बातम्यांत कुणी सांगत नाही. 2011 मध्ये महापालिकेचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. 2022 च्या जनगणनेत दोन्ही मिळून सुमारे 1 कोटी माणसं, दर चौरस किलोमीटरला 30 ते 40 हजार. ढाका जिल्हा म्हणाल तर 1 कोटी 47 लाखांच्या आसपास. ढाका विभाग 4 कोटी 40 लाखांवर. आणि 2025 च्या अहवालात संयुक्त राष्ट्रांनी जवळपास 3 कोटी 70 लाख धरून ढाक्याला जकार्त्याखालोखाल जगातलं दुसरं मोठं शहर ठरवलं, कारण ते पालिकेची हद्द न बघता सलग दाट वस्ती मोजतात. सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर. पण परवा एका बातमीत विभागाचा आकडा शहराला चिकटवलेला पाहिला.

चितगावचंही असंच चाललंय. 2018 मध्ये बांगलादेशानं पाच जिल्ह्यांची इंग्रजी स्पेलिंग बदलली, त्यात चितगावचंही. लगेच आपल्याकडे इंग्रजीवरून अक्षरं जुळवत ‘चॅटोग्राम’, ‘छत्तोग्राम’ सुरू. क्रांतिकारक सूर्य सेन यांच्या 1930 च्या शस्त्रागार लुटीमुळं तीन पिढ्या मराठी माणूस चितगाव म्हणतोय, तिथले लोक बोलताना ‘चाटगाँ’ म्हणतात. 1666 मध्ये ते जिंकून ‘इस्लामाबाद’ असं बारसं करणारे कोण, तर पुन्हा आपले शायिस्तेखान. तेही नाव टिकलं नाही.

एका वृत्तसंकेतस्थळावर डेस्क सांभाळणाऱ्या मित्राला चिडून विचारलं, ‘ढाक्यात’ लिहायला काय होतं रे तुम्हाला? तो म्हणाला, “लोक शोधताना ‘ढाका’ टाइप करतात. ‘ढाक्यात’ लिहिलं की बातमी खाली जाते, वरून ओरडा बसतो. नाव मोडायचं नाही असा नियमच आहे.”

म्हटलं, मग पुण्याचं काय करता?

“‘पुणेमध्ये’,” तो म्हणाला. “वाचत नाहीस का आम्हाला?”