अंदमान महाग नाही, आपली घाई महाग आहे

'अंदमान फार महाग पडतं' हे वाक्य पुण्यात ज्या ठामपणे ऐकू येतं, त्या ठामपणे फक्त 'आमच्या वेळी पुण्यात पंखे लागत नव्हते' एवढंच ऐकू येतं. गंमत म्हणजे हे सांगणाऱ्यांत निम्मे जुने ट्रेकर असतात. एरवी स्वारगेटवरून लाल डब्यानं निघणार, गावात कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकणार, पिठलं-भाकरीवर दोन दिवस काढणार. पण मध्ये समुद्र आला की हीच मंडळी एकदम पॅकेजवाली होतात. विमानतळावर नावाची पाटी घेतलेला माणूस हवा, दारात एसी गाडी हवी आणि पाच दिवसांत हॅवलॉक, नील, बाराटांग ही सगळी बेटं उरकायला हवीत. मग बिल बघून घाम फुटतो.

माझं म्हणणं एवढंच, की तिथे पैसे खोलीत किंवा जेवणात जात नाहीत तितके वेळ वाचवण्यात जातात. हॅवलॉकला जायला खासगी वेगवान बोटी आहेत आणि पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून (धक्क्यावरून) सुटणारी सरकारी फेरी आहे. सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात, भाडं खासगीपेक्षा बरंच कमी, आणि वर डेकवर वारा खात उभं राहता येतं. (खासगी बोटीत बहुतेक वेळ काचेआड खुर्चीत बसायचं. बोट लागणाऱ्यांचे हाल विचारू नका.) अडचण एकच. सरकारी तिकीट तुम्हाला हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही, आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द. पाच दिवसांचं वेळापत्रक आखून आलेल्या माणसाला हे परवडत नाही, म्हणून तो जास्तीचे पैसे मोजतो. मधे दोन दिवस मोकळे ठेवणारा माणूस शांतपणे उद्याची बोट धरतो.

पण इथे आपल्या बॅकपॅकर मित्रांचेही कान धरायला हवेत. सरकारी बोट ही पर्यटकांची सोय नाही. तिथल्या लोकांसाठी ती आपल्या एसटीसारखी आहे. दवाखाना, कोर्टकचेरी, कॉलेज, सगळ्यासाठी बेटावरच्या माणसाला पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. (२०२४ पासून नाव श्री विजयपुरम, पण बोलताना पोर्ट ब्लेअरच येतं. हॅवलॉकही २०१८ पासून स्वराज द्वीप आहे.) स्थानिकांना भाडं कमी असतं आणि तिकिटात प्राधान्य असतं, ते असायलाच हवं. 'आम्हाला नाही मिळालं, लोकलना बरं मिळालं' असं जेट्टीवर कुरकुरणाऱ्याची मला लाज वाटते. गणपतीत आपल्याला कोकणच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही तर आपण काय बोलतो, ते आठवून बघा.

खाण्याचंही तसंच. तिथे बसून पनीर, सिमला मिरची आणि गव्हाच्या पोळ्या मागितल्या तर महागच पडणार, कारण भाजीपाला आणि धान्य बऱ्यापैकी मुख्य भूमीवरून जहाजानं येतं. हॅवलॉक आणि नीलवर राहतात ते प्रामुख्यानं फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि सरकारनं तिथे वसवलेल्या बंगाली निर्वासितांचे वंशज. बाजारातल्या साध्या खानावळीत भात, डाळ, भाजी आणि माशाचं कालवण मिळतं, पोटभर आणि वाजवी. शाकाहारी असाल तर डाळ-भातावर चार दिवस निघतात, त्यात जीव जात नाही. घासाघीस मात्र आवरा. मासेवाल्या मावशीकडून दहा रुपये सोडवून घेणं हा काही शूरपणा नव्हे.

आणि सगळे हॅवलॉकलाच का जातात? राधानगरचा किनारा सुंदर आहे, वाद नाही. पण पहाटेची बस पकडून उत्तरेला दिगलीपूरला जाऊन बघा. पूर्ण दिवस बसमध्ये जातो, हाडं खिळखिळी होतात, पण डोंगर, खारफुटी, रंगत आणि मायाबंदरसारखी गावं, हे सगळं बसच्या तिकिटात दिसतं. रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो, म्हणून जिरकाटांगच्या चौकीवरून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानं सोडतात. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला खायला द्यायचं नाही. हा नियम मोडून रील बनवणाऱ्याला स्वस्त-महाग काही न बोलता पहिल्या विमानानं लोहगावला परत पाठवावं. पुढे दिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्यानं जोडलेली आहेत, भरतीला तो पट्टा पाण्याखाली जातो. शेजारी सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर. सिंहगड चढणाऱ्याला उंची काहीच नाही, पण तिथला दमटपणा माज उतरवतो.

ज्यांच्याकडे खरोखर वेळ आहे त्यांनी चेन्नईहून जहाजानं जावं. साधारण तीन दिवस लागतात, बंक क्लासमध्ये (सगळ्यात स्वस्त, एकत्र झोपायच्या वर्गात) गर्दी असते, जेवण जेमतेम. पण बाराशेहून जास्त किलोमीटर म्हणजे काय ते विमानातून कळत नाही. सावरकरांना १९११ मध्ये याच समुद्रातून नेलं. सेल्युलर जेलमध्ये दहा मिनिटं फोटो काढून पुढच्या 'पॉइंट'ला पळणाऱ्या आपल्याच लोकांना हा प्रवास एकदा सक्तीचा करावा असं मला मनापासून वाटतं.

रजा मिळत नाही, हा मुद्दा मला मान्य आहे. हिंजवडीत सलग दहा दिवस मागणं म्हणजे मॅनेजरच्या तोंडाला लागणं. तर मग दोनच बेटं करा. नील घ्या, भाड्याची सायकल घ्या, भरतपूर आणि लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यांवर लोळा. तिथे सूर्य साडेपाचच्या आसपासच मावळतो, तेव्हा रात्री आठला झोपून पहाटे उठायची तयारी ठेवा. मे ते सप्टेंबर मात्र टाळा, पावसात बोटींचा भरवसा नसतो. आणि सेल्युलर जेल कोणत्या दिवशी बंद असतं, ते बघून तिकिटं काढा.