अनुदानाची यादी गावाला दिसलीच पाहिजे

"अनुदानाच्या याद्या जाहीर करणं थांबवा, त्यात शेतकऱ्याची बदनामी आहे" असा मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यातले मुद्दे असे: पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट जातात, त्यामुळे घोटाळ्याला जागाच नाही, कुणाला किती मिळाले ही खासगी बाब आहे, आणि उद्योगपतींना कुणी विचारत नाही, मग शेतकऱ्यालाच का? लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेल, पण याद्या झाकल्या तर नुकसान शेतकऱ्याचंच होणार आहे.

पहिला मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाची चौकशी झाली आणि २०२५ साली सुमारे २५ कोटींचा अपहार समोर आला. जमीन नसलेल्यांची नावं, फुगवलेलं क्षेत्र, एकाच जमिनीवर दोनदा अनुदान. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. तो पैसाही खात्यातच गेला होता ना? आधारवरून माणूस कोण ते कळतं. त्याची त्या गटात दोन एकर जमीन आहे का, आणि तिथलं सोयाबीन खरंच पाण्याखाली गेलं का, हे बांधावरच्या शेजाऱ्यालाच ठाऊक असतं. त्याला यादी दिसली तरच तो हरकत घेणार.

पीएम-किसानचंही तेच. २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले, त्यात आयकर भरणारेही होते, हे केंद्रीय कृषी मंत्रालयानं सांगितलं ते माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देताना.

आणि बोगस नाव पकडणं हा यादीचा निम्माच उपयोग. ज्याचं नाव राहिलं त्याला तिचा जास्त आधार असतो. पंचनाम्यात दीड एकराचं नुकसान लिहिलं आणि यादीत वीस गुंठे आले, तर ते त्याला कळणार कुठून? नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम आणि केवायसीसाठी लागणारा व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक), हे सगळं तो यादीतच शोधतो. यादी नसेल तर तलाठी कार्यालयात खेटे घालायचे आणि "वरून आलं नाही" हे ऐकून परत यायचं.

खासगीपणाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. आधार क्रमांक, बँक खातं आणि मोबाईल नंबर असलेल्या पीडीएफ मोबाईलवरून फिरतात, ते थांबलंच पाहिजे. पण त्यासाठी ते तीन रकाने काढावेत, अख्खी यादी कशाला? सातबारा तर कुणालाही ऑनलाइन पाहता येतो. शिवाय अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारनं न मागता प्रसिद्ध करायचा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं.

उद्योगांबद्दलचा राग रास्त आहे. पण हे कलम फक्त शेतीसाठी नाही, सगळ्याच अनुदानांना लागू आहे. त्याच बळावर उद्योगांना मिळालेल्या सवलतींच्या याद्या मागू या. आपल्याच याद्या झाकायला निघालो, तर त्यांच्या कुठल्या तोंडानं मागणार?

तोवर एक करा. पुढच्या ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी, लाभार्थी यादीच्या वाचनाचा विषय घ्यावा असा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.