'करताय' आणि 'करून राहिल्या'

जर्मनीतल्या स्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत दर आठवड्याला एका घराच्या दारावर एक छोटी पाटी लटकवलेली असते. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा. इथल्या, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबेन प्रांतातल्या, या श्वाबी रिवाजाला 'केअरवोखे' म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा कठड्याच्या सळ्यांसकट सगळा जिना मी पुसून काढला. समोरच्या आजींनी वाकून पायरीचा कोपरा न्याहाळला, 'का मर लासे' एवढेच म्हणाल्या आणि दार लावून घेतले. 'राहू द्यायला हरकत नाही' असा त्याचा अर्थ. मला ते लागले. पुढे एका श्वाबी सहकाऱ्याने समजावले, की त्यांच्याकडे याहून मोठी शाबासकी क्वचितच मिळते. रागावले नाहीत म्हणजे पुरेसे कौतुक झाले, अशी तिथली म्हणच आहे.

ही रीत समजून घ्यायला मी कष्ट घेतले, कारण मी परका होतो आणि इथेच राहायचे होते. अमरावतीहून शिकायला पुण्यात गेलो, तेव्हा मात्र तेवढे कष्ट मी घेतले नाहीत आणि माझ्यासाठीही कोणी घेतले नाहीत. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी 'चहा घेणार का?' असे विचारले. आमच्याकडे पाहुण्याने आधी 'नको' म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करायचा, ही रीतच असल्यामुळे मी 'नको' म्हणालो. त्यांनी ते खरे मानले आणि विषय संपला. मनातल्या मनात मी त्यांना कंजूष ठरवून टाकले. उलट मी आदराने 'काकू, काय करून राहिल्या?' असे विचारले, की त्या 'काय करताय, असं म्हणावं' अशी दुरुस्ती करीत. त्यांच्या लेखी मी वळण नसलेला मुलगा होतो. आज वाटते, की विचारून त्या माझ्या मर्जीचा मान राखत होत्या आणि नाही म्हणून मी त्यांची तसदी वाचवत होतो. दोघेही आपापल्या प्रांताच्या रीतीने सभ्यच वागत होतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मलाही अभिमान वाटला. मात्र त्यानंतरच्या चर्चांत शुद्ध-अशुद्धाचा जुना वाद पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो आणि त्यात 'अशुद्ध' बोलणारा बहुतेक वेळा वऱ्हाडातला, मराठवाड्यातला किंवा कोल्हापूरकडचा असतो. 'करून राहिलो' ही चूक नाही, तिला इतिहास आहे. वऱ्हाडचा कारभार १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होते आणि त्या राज्यात हिंदी व मराठी शेजारी नांदत होत्या. त्या शेजारातले बोलणे जिभेवर राहणारच. प्रमाण भाषा लागते, हे मला मान्य आहे. परीक्षेत आणि कचेरीत ती असावीच. पण ती बोलणारा आपोआप सुसंस्कृत आणि न बोलणारा गावंढळ, हे मला मान्य नाही.

जर्मनीत सगळे आलबेल आहे, असेही नाही. २०१२ च्या अखेरीस संसदेचे तेव्हाचे उपाध्यक्ष वोल्फगांग टियर्झ यांनी बर्लिनमध्ये येऊन राहिलेल्या श्वाबी लोकांबद्दल जाहीर तक्रार केली होती, की छोट्या पावाला बर्लिनमध्ये 'श्रिपे' म्हणतात, हे त्यांनी शिकून घ्यावे, 'वेके' म्हणू नये. त्यावरून बरेच दिवस वादंग माजले. तरीही स्टुटगार्ट ज्यात आहे, त्याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने १९९९ मध्ये आपल्या जाहिरातीसाठी 'आम्हाला सगळे जमते, फक्त प्रमाण जर्मन सोडून' हे वाक्य निवडले होते. आपल्या बोलीबद्दल एवढे निर्धास्त असणे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याला परवडेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

माझी भाची यंदा अमरावतीहून पुण्याच्या महाविद्यालयात गेली. वसतिगृहातल्या मुली तिच्या बोलण्याला हसल्या आणि दोनच महिन्यांत तिने आपली बोली बदलून टाकली. परवा तिने आजीला, म्हणजे माझ्या आईला, फोन केला आणि 'काय करतेयस?' असे विचारले. आईने क्षणभर थांबून तिला विचारले, 'कोण बोलून राहिलं?'