जे घेतलंच नाही, ते हरवलं कसं?

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. एका शाळेच्या ऑफिसात एक ताई प्रतिज्ञापत्राचा कागद घेऊन उभ्या होत्या. दहावी, मार्च 2006. परवा नोकरीची कागदपत्र पडताळणी आणि तिथे बोर्डाचं मूळ प्रमाणपत्र हवंय. मागच्या खेपेला क्लार्कने सांगितलेलं, "एवढं जुनं कुठलं असायला? हरवलं म्हणून लिहून द्या, डुप्लिकेट काढा." कपाट न उघडता!

जे कधी हातात पडलंच नाही, ते हरवलं असं शपथेवर का लिहून द्यायचं? खोटं प्रतिज्ञापत्र उद्या अंगाशी आलं तर क्लार्क येणार आहे का सोबत?

तेव्हा गुणपत्रिका आधी मिळायची, प्रमाणपत्र मागाहून शाळेत यायचं. अकरावीचं काम गुणपत्रिका आणि दाखल्यावर भागायचं. मग कोण परत जातंय? त्यामुळे डुप्लिकेटच्या मागे लागण्याआधी शाळेतच जा. बारावीचं असेल तर कनिष्ठ महाविद्यालयात.

मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज करा. त्यात शाळेच्या वेळचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, परीक्षेचा महिना-वर्ष आणि बैठक क्रमांक लिहा. बैठक क्रमांक गुणपत्रिकेवर असतो. तीही नसेल तर दाखल्यावरचा जनरल रजिस्टर नंबर द्या, त्यावरून शोधता येतं. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रतही लावा, कारण ताईंचं घोडं तिथेच अडलं होतं: रजिस्टरला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दुसरं कुणी जाणार असेल तर सहीचं अधिकारपत्र द्या. आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी "नाही"ला काही अर्थ नसतो.

"बोर्डाला परत पाठवलं" म्हणाले तर जावक क्रमांक मागा आणि तो घेऊन विभागीय मंडळात जा. शाळाच बंद झाली असेल तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक.

क्लार्कलाही कामं कमी नसतात, मान्य. पण शेवटी शिपाईमामांनी वाटप रजिस्टर काढलं, तर 2006 च्या पानावर ताईंच्या बैठक क्रमांकासमोर सहीचा रकाना कोरा! गठ्ठ्याचं रबरबँड वितळून वरच्या पाकिटाला चिकटलेलं, आत प्रमाणपत्र कोरं करकरीत. त्याच पानावर असे आणखी कितीतरी रकाने कोरे होते. ती मुलं आता कुठे असतील, कुणास ठाऊक. शाळेने त्यांना एक फोन करायला काय हरकत होती?

ताईंनी सही करताना विचारलं, "कुठल्या नावाने करू?" मामा म्हणाले, "दोन्ही लिही बाळा, खाली तारीख टाक." बरोबर सांगितलं त्यांनी.

हातात पडल्यावर तिथेच स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख तपासा. चूक असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, साक्षांकनाला अडतं. ताई थेट लॅमिनेशनच्या दुकानातच निघाल्या होत्या.