अमेरिकी शस्त्रविक्री आणि 'काँग्रेसची मंजुरी'

सध्या फिरणारा दावा असा: 'अमेरिकेत काँग्रेसने मतदान करून परवानगी दिल्याशिवाय परदेशाला एक क्षेपणास्त्रही विकता येत नाही. काँग्रेसच्या मनात आलं तर सौदा तिथंच थांबतो. आणि विकलेलं प्रत्येक शस्त्र कसं वापरलं जातं यावर सरकारची नजर असते.'

मुळात मंजुरीचं मतदान होतच नाही. १९७६च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्यानुसार सरकार काँग्रेसला फक्त कळवतं आणि थांबतं. बहुतेक देशांसाठी ३० दिवस, नाटो आणि मोजक्या मित्रदेशांसाठी १५. या मुदतीत काँग्रेस गप्प बसली की वाट मोकळी. तेही मोठ्या सौद्यांपुरतंच. बहुतेक देशांच्या बाबतीत प्रमुख युद्धसामग्री १.४ कोटी डॉलरच्या खाली असेल तर हे कळवण्याचंही बंधन नाही.

'सौदा तिथंच थांबतो' हा तर निव्वळ भाबडेपणा. राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय सरकारचा निर्णय रोखण्याचा काँग्रेसचा अधिकार १९८३च्या चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. तेव्हापासून विरोधाच्या ठरावावरही राष्ट्राध्यक्षांची सही लागते, म्हणजे ज्याने सौदा मांडला त्याचीच! त्याने नकाराधिकार वापरला की दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत. १९८६ साली सौदी अरेबियाला क्षेपणास्त्रं विकण्यावरून रेगन यांचा नकाराधिकार मोडायला सिनेटमध्ये ६६ विरुद्ध ३४ मतं पडली. एक मत कमी पडलं, सौदा झाला. २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने आणीबाणीचं कलम लावून सुमारे ८१० कोटी डॉलरचे सौदे मुदतीची वाट न पाहता पुढे रेटले. ठराव झाले, नकाराधिकार आला, विषय संपला.

खरा लगाम वेगळाच आहे आणि तो कायद्यात लिहिलेला नाही. औपचारिक सूचनेआधी परराष्ट्र खातं दोन्ही सभागृहांच्या संबंधित समित्यांच्या नेत्यांना विचारतं. त्यातला एखादा अडून बसला तर फाइल महिनोन्‌महिने पडून राहते. तुर्कस्तानची एफ-१६ विमानं अशीच रखडली होती. स्वीडनच्या नाटो प्रवेशाला तुर्कस्तानने मान्यता दिली, तेव्हा कुठे जानेवारी २०२४ मध्ये सूचना निघाली.

आणि नजर? संरक्षण खात्याच्या 'गोल्डन सेंट्री' या देखरेख कार्यक्रमात खांद्यावरून डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्रांसारख्या संवेदनशील शस्त्रांचे अनुक्रमांक जागेवर जाऊन ताडून पाहतात. पण कोठारात मोजणं वेगळं आणि बॉम्ब कुठं पडला हे पाहणं वेगळं. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीकडे दिलेल्या सामग्रीच्या संभाव्य गैरवापराची चौकशी केल्याचा पुरावा परराष्ट्र खातं देऊ शकलं नाही, असं २०२२ मध्ये काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेने म्हटलं.