पन्नास रुपयांचे डिटर्जंट आणि पाणी न टिपणारा पंचा

कळंब्याच्या बाजूला नव्याने झालेल्या एका कॉलनीत आमच्या थोरल्या वहिनी राहतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, “भाऊजी, पंचा पाणीच टिपेना झालाय बघा. अंग पुसावं तर पाणी नुसतं इकडचं तिकडं होतंय.” मी गेलो, दोरीवरचा पंचा पाटावर पसरला आणि त्यावर चमच्याने पाणी सोडले. थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा गोल होऊन बसला. चौकशी केल्यावर कळले, की भिशीच्या ग्रुपवर आलेल्या एका संदेशाबरहुकूम त्यांनी घरी पाच लिटर ‘केमिकलमुक्त डिटर्जंट’ तयार केले होते आणि तीन आठवडे घरातले सगळे कपडे त्यात धुतले जात होते. तोच संदेश त्या आठवड्यात मला आणखी तिघांनी पाठवला, त्यांपैकी एक विज्ञान शिकवणारे गृहस्थ होते. माझी सव्वीस वर्षे इचलकरंजीच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, कापड उकळण्यात, धुण्यात आणि रंगवण्यात गेली आहेत, त्यामुळे आता गप्प बसणे मला जड जाते.

संदेश थोडक्यात असा आहे. बाजारातली पावडर विषारी असते. घरचे डिटर्जंट पन्नास रुपयांत पाच लिटर होते आणि त्यात कोणतेही केमिकल नसते. अंगाच्या साबणाची शंभर ग्रॅमची वडी किसून जर्मनच्या पातेल्यात घ्यावी, चार चमचे कॉस्टिक सोडा घालून वरून पाणी ओतावे, मग वाटीभर खाण्याचा सोडा, टाकणखार (बोरॅक्स) आणि व्हिनेगर घालावे. फेस आला म्हणजे मळ उखडणारी शक्ती तयार झाली. बोटाला बुळबुळीत लागले की डिटर्जंट झाले. ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवावे, बादलीला अर्धी वाटी वापरावे, पांढऱ्या कपड्यांसाठी चमचाभर ब्लीचिंग पावडर मिसळावी. हातावर उडाल्यास लिंबू चोळावे. शेवटी पंचगंगा नदी वाचवण्याचे आवाहन आहे आणि हा संदेश दहा जणांना पाठवण्याची विनंती आहे.

‘केमिकल नाही’ या दाव्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ज्या यादीत कॉस्टिक सोडा, टाकणखार आणि ब्लीचिंग पावडर आहे, ती यादी केमिकलमुक्त असेल तर आमची प्रोसेसही आयुर्वेदिक म्हणावी लागेल.

मला संताप आहे तो कॉस्टिकबद्दल. साबण करताना कॉस्टिक लागतो, हे खरे आहे. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक यांची प्रक्रिया होऊनच साबण होतो. परंतु बाजारातून आणलेल्या वडीत ती प्रक्रिया आधीच पूर्ण झालेली असते. तिच्यात पुन्हा कॉस्टिक घातला तर त्याला धरायला तेल उरलेले नसते, म्हणून तो द्रावणात तसाच मोकळा राहू शकतो आणि पुढे ज्याला स्पर्श करील त्यावर काम करतो. बोटाला लागणारा तो बुळबुळीतपणा ही तयार झाल्याची खूण नाही. कॉस्टिक आपल्याच कातडीतल्या स्निग्धांशाचा साबण करीत असतो, म्हणून ते बुळबुळीत लागते. ही खूण म्हणून सांगणाऱ्याने आयुष्यात एकदाही कॉस्टिकचे पोते उघडलेले नसावे.

कॉस्टिक पाण्यात विरघळताना विलक्षण उष्णता सोडतो. पाव लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कॉस्टिक एकदम पडला तर ते पाणी चुलीशिवाय उकळीच्या आसपास पोहोचते. म्हणूनच आमच्याकडे नव्याने कामावर आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जाई: कॉस्टिक पाण्यात थोडा थोडा सोडायचा, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही. संदेशात नेमके उलटे सांगितले आहे. त्यात भर म्हणून पातेले जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, कारण म्हणे स्टीलला डाग पडतात. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो, जो पेट घेतो. आणि वहिनींनी हे सारे गॅसच्या शेगडीशेजारी केले होते. पातेल्यातून फसफस वर आली, आतली बाजू काळी पडली आणि त्यांच्या उजव्या मनगटावर तीन थेंब उडाले. त्यांनी संदेशाप्रमाणे लिंबू चोळले. मी पाहिले तेव्हा त्या जागी तीन पांढुरके डाग होते, त्यांतला एक चिघळलेला.

कॉस्टिक अंगावर उडाला तर लिंबू नाही, व्हिनेगर नाही, हळद नाही. वाहत्या नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटे हात धरावा, डोळ्यात गेला असेल तर डोळा धूत धूतच दवाखाना गाठावा. आणि थंड पेयाची बाटली! लहान मुलांची अन्ननलिका भाजण्यामागे घरात ओळखीच्या बाटलीत भरून ठेवलेला कॉस्टिकसारखा तीव्र क्षार हे एक नेहमीचे कारण असते. पोटात गेल्यावर उलटी करवू नये, कारण तोच क्षार वर येताना दुसऱ्यांदा भाजतो. वहिनींच्या घरी पाच वर्षांचा नातू आहे आणि त्या बाटल्या मोरीच्या कट्ट्यावर त्याच्या हाताला येतील अशा उभ्या होत्या. संदेश पुढे ढकलणाऱ्या दहा जणांपैकी एकालाही ही गोष्ट सुचू नये, याचे मला अजून नवल वाटते.

ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगरसारखे आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हे मिश्रण घरात करण्याचा सल्ला देणे हा गुन्हा आहे आणि त्यावर यापेक्षा जास्त चर्चा नको.

आता पंच्याकडे येतो, कारण संदेशातली खरी गफलत तिथे आहे. साबण आणि डिटर्जंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असले की साबण त्यांच्याशी जोडला जाऊन न विरघळणारा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला जो करडा थर बसतो, तो हाच. डिटर्जंटमधला धुणारा घटक असा सहजासहजी बाद होत नाही, म्हणून तर तो बनवला गेला. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, पाण्याच्या एकूण कठीणपणाची, म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम दिली आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही धुण्याला चांगलेच कठीण असू शकते. वहिनींच्या कॉलनीत वापराचे पाणी बोअरचे आहे. ते मी कामावरच्या जुन्या सवयीने तपासले, तेव्हा कठीणपणा ३०० च्या पुढे निघाला.

३०० धरून हिशेब करू. एक लिटर पाण्यातले कॅल्शियम शांत करायला सुमारे १.८ ग्रॅम शुद्ध साबण खर्ची पडतो, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला सुमारे ३६ ग्रॅम; आणि हा साबण मळाला हात लावण्यापूर्वीच संपलेला असतो. आता पाककृती पाहा. शंभर ग्रॅमची वडी पाच लिटरमध्ये, म्हणजे अर्ध्या वाटीत, पंचाहत्तर मिलिलिटर धरले तर, दीड ग्रॅम साबण. लागतात छत्तीस, पडतो दीड. तोही पूर्ण साबण नव्हे, कारण वडीत पाणी आणि भरणाही असतो. वेष्टनावर टीएफएमचा, म्हणजे एकूण स्निग्धांशाचा, आकडा छापलेला असतो तो वाचावा. हा दीड ग्रॅम रोज साका होऊन कपड्यात बसत गेला, आणि कॅल्शियमचा साबण पाण्याला जवळ येऊ देत नाही. तीन आठवड्यांत पंचा मेणकापड झाला तो असा. नातवाच्या शाळेचे पांढरे शर्ट राखाडी झाले तेही असेच, आणि वहिनी मात्र शाईच्या पेनाला दोष देत होत्या.

सोड्याने पाणी मऊ होते, हा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करतो. धुण्याचा सोडा कॅल्शियम खाली बसवतो. आम्हीही तो वापरत असू. परंतु वीस लिटर कठीण पाण्याला त्याचे निदान सहा-सात ग्रॅम लागतात, आणि संदेशात धुण्याचा नव्हे, खाण्याचा सोडा आहे. खाण्याचा सोडा तव्यावर भाजला की धुण्याचा होतो, अशी पुरवणी एका भगिनीने त्याच ग्रुपवर टाकली होती. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण भाजताना वाफ आणि वायू निघून एक किलोचे जेमतेम सहाशे तीस ग्रॅम उरतात, आणि तयार धुण्याचा सोडा मुळातच खाण्याच्या सोड्यापेक्षा स्वस्त मिळतो. स्वस्त वस्तू मिळवण्यासाठी महाग वस्तू गॅसवर जाळण्याला काटकसर कसे म्हणावे?

त्यातही हा सोडा व्हिनेगरमध्ये ओतायचा! आम्ल आणि क्षार एकमेकांना संपवतात, वर जो फेस येतो तो निव्वळ कार्बन डायऑक्साइड असतो आणि खाली खारट पाणी उरते. फेसाने मळ निघत असता तर सोडा-लेमनच्या गाडीवर धुणे टाकले असते. व्हिनेगरचा उपयोग आहे, पण शेवटच्या स्वच्छ पाण्यात, कपड्यात राहिलेला क्षार मारण्यासाठी. आम्ही प्रोसेसमध्ये ॲसेटिक ॲसिड त्यासाठीच वापरत होतो.

टाकणखाराला युरोपीय संघाने २०१० साली प्रजननास घातक म्हणून अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले आहे. ‘विषारी पावडर टाळा’ म्हणणाऱ्यांनी तो सुचवावा, हे विशेष. धुण्याच्या यंत्रालाही हे द्रावण मानवत नाही, कारण तोच साका ड्रमच्या मागच्या बाजूला आणि दाराच्या रबराच्या घडीत बसून कुजका वास देतो.

पंचगंगेबद्दल मी जपून बोलतो. इचलकरंजीत रंगाच्या पाण्यावर पोट भरलेल्या माणसाने नदीवर प्रवचन देणे शोभत नाही. फॉस्फेटयुक्त पावडरने पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी वाढायला मदत होते, इतके खरे आहे आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी बिनफॉस्फेटची पावडर घ्यावी. परंतु नदीत प्रक्रियेविना जाणारे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी जसेच्या तसे राहील आणि वहिनींच्या अर्ध्या वाटीने पंचगंगा निर्मळ होईल, ही समजूत सोयीची आहे, एवढेच.

पंचे आम्ही सुधारले. कडकडीत पाण्यात वाटीभर व्हिनेगर टाकून तासभर बुडवले, तेव्हा वर तेलकट तवंग आला. मग ते पाणी टाकून, पंचे खळबळून, साध्या पावडरीने गरम पाण्यातच दोनदा धुतले. दुसऱ्या दिवशी थेंब टाकला, तो लगेच आत मुरला. शर्ट पहिल्यासारखे झाले नाहीत.

घरगुती धुण्यातली एकच गोष्ट मी वहिनींना चालू ठेवायला सांगितली, ती म्हणजे रिठा. त्यातले सॅपोनिन कठीण पाण्यातही साबणासारखा साका करीत नाही आणि क्षार नसल्यामुळे रेशीम व लोकर त्यात सुरक्षित राहते, जे कॉस्टिकमध्ये अक्षरशः विरघळते. त्यांच्या इरकलीच्या रेशमी पदरासाठी दहा-बारा रिठे फोडून, बिया काढून, रात्रभर भिजवून उकळावेत आणि ते पाणी फडक्याने गाळून घ्यावे. पांढऱ्या सुती कपड्यांना मात्र त्याची पिवळट झाक येते, डोळ्यात गेले तर चांगलेच झोंबते, आणि दोन दिवसांत त्याला वास सुटतो, तेव्हा बाटलीत भरून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.