सवलतीत फिरायला निघालेल्यांना चार हिताच्या गोष्टी

सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत. तुमच्याही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘यंदा कुठे?’ सुरू झालं असेल. मी नुकताच तारकर्लीला सहकुटुंब, सवलतीत जाऊन आलो. सवलतीत म्हणजे ॲपवर विकत घेतलेल्या डिजिटल व्हाउचरवर. तेव्हा या विषयातला अधिकारी माणूस म्हणून माझं ऐका. तुमचं भलं होईल.

सगळ्यात आधी, कुठे जायचं हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. ते व्हाउचर ठरवतं. समुद्र पाहायचा असेल आणि सवलत डोंगरावर असेल, तर डोंगर गाठा. ॲप उघडलं की वर लाल घड्याळ उलटं धावताना दिसेल: ‘ऑफर संपायला 9 मिनिटं’. घाबरा. घाबरणं फार महत्त्वाचं आहे. पान बंद करून परत उघडलं की घड्याळ पुन्हा 10 मिनिटांवर जातं, हे शेजारच्यांना सांगू नका. खाली ‘फक्त 2 खोल्या शिल्लक’ असंही लिहिलेलं असेल. त्या 2 खोल्या गेल्या पावसाळ्यापासून शिल्लक आहेत, पण आपल्याला काय त्याचं? पैसे भरून मोकळे व्हा.

अटी वाचू नका. वाचणारा माणूस घरीच राहतो. आणि चुकून वाचल्यातच तर तिथे काय सापडणार आहे? ‘40 टक्क्यांपर्यंत’ या शब्दातलं ‘पर्यंत’ मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. शनिवार-रविवार वगळून. सणवार वगळून, लागून आलेल्या सुट्ट्या वगळून, 20 डिसेंबर ते 5 जानेवारी तर विचारूच नका. उरतो मंगळवार ते गुरुवार. मुलांच्या शाळेला सुट्टी असते तेव्हा व्हाउचरलाही सुट्टी असते, एवढं साधं गणित लक्षात ठेवलं की मनस्ताप होत नाही.

मॉलमध्ये कुणी लकी ड्रॉची चिठ्ठी भरायला सांगितली तर जरूर भरा. बक्षीस लागतंच. सगळ्यांना लागतं.

आता मोबाइल डेटाकडे वळू. फिरायला जायच्या आदल्या रात्री प्लॅन तपासा. तो सहलीच्या दुसऱ्या दिवशी संपत असणार. महिना 28 दिवसांचा असतो हे शास्त्र आपल्याला मोबाइल कंपन्यांनी शिकवलं. त्यामुळे वर्षात 13 महिने येतात आणि आपण 13 वेळा रिचार्ज मारतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2022 मध्ये निदान एक तरी प्लॅन 30 दिवसांचा ठेवा म्हणून कंपन्यांना बजावलं. कंपन्यांनी ठेवला. तो ॲपमध्ये शोधून दाखवणाऱ्याचा सत्कार व्हायला हवा.

दिवसाचा दीड जीबी घरी वायफायमुळे रोज वाया जातो आणि रात्री बाराच्या ठोक्याला गायब होतो. मागे राहिलेला डेटा सहलीसाठी साठवता आला तर किती छान, असं तुमच्या मनात येईल. येऊ देऊ नका. सहलीत तोच दीड जीबी मुलं गाडीत रील बघून पनवेल सोडायच्या आत संपवतात आणि पुढे 64 केबीपीएसवर नकाशाचा चौकोन उघडेपर्यंत नागोठण्याचा फाटा मागे पडतो.

परदेशी जात असाल तर विमानतळावर स्थानिक सिम घ्या आणि आपलं सिम काढून पाकिटात जपून ठेवा. कार्डाने पैसे भरताना ओटीपी त्याच सिमवर येतो. पाकिटात. ई-सिम घेतलंत तर उत्तमच. इंटरनेट मिळावं म्हणून ते घ्यायचं आणि ते चालू करायला इंटरनेट लागतं.

पेमेंट ॲपमधली स्क्रॅच कार्डं घासत राहा. कधी तरी चपलांवर सूट मिळेल.

आता मुख्य सल्ला. हॉटेलवर पोचल्यावर व्हाउचर कसं वापरावं. हे नीट ऐका, कारण इथे भले भले हरतात.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. अख्खा मुंबई-गोवा महामार्ग हाडांत साठवून आलो होतो. त्या रस्त्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. सोबत आई, सासूबाई, दोन मुलं. रिसेप्शनवरचा मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, सर, ॲपमधलं व्हाउचर उघडून क्यूआर दाखवा. मी आदल्या रात्रीच स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तो ऐटीत पुढे केला. ‘स्क्रीनशॉट नाही चालत सर. कोड लाइव्ह पाहिजे. तो दर 30 सेकंदांनी बदलतो.’ बरं. ॲप उघडलं. रेंज नाही. एक काडी नाही. ‘सर, आमचं वायफाय आहे की.’ देव पावला म्हणून वायफायला जोडलं, तर समोर पाटी: मोबाइल क्रमांक टाका, आपल्याला एक ओटीपी येईल.

ओटीपी कशावर येणार? मोबाइलवर. मोबाइलला काय नाही? रेंज. म्हणून आपण काय घेत होतो? वायफाय. त्या मुलाला मी हे दोनदा समजावलं. त्याला ते पटलंही. तो म्हणाला, ‘हो सर, सगळ्यांनाच प्रॉब्लेम येतो.’

सगळ्यांनाच!

बाहेर नारळ उतरवत असलेल्या एका काकांनी आपणहून सांगितलं, ‘हय रेंज गावाची नाय. थय वडाकडे जावा, येक काडी गावता.’ वडाकडे गेलो. तिथे आधीच चार-पाच कुटुंबप्रमुख मोदकाचं ताट न्यावं तसे फोन दोन्ही हातांनी उंच धरून उभे होते. सगळे सवलतवाले. काडी आली, ॲप उघडलं, आणि ॲप म्हणालं, नवी आवृत्ती आली आहे, आधी अपडेट करा. किती एमबी ते लिहीत नाही, नाही तर तुम्हीही रडाल. अपडेट झाल्यावर ॲपने मला ओळखलंच नाही. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, तो आला पण त्याची मुदत येण्याआधीच संपली होती. मग ‘मी यंत्रमानव नाही’ हे सिद्ध करण्यासाठी झेब्रा क्रॉसिंगची चित्रं ओळखायची. देवबागच्या वाटेवर, वडाखाली, ऑक्टोबरच्या उन्हात! शेवटी कोड आला. तो घेऊन रिसेप्शनकडे पळालो. 30 सेकंदांत वड ते रिसेप्शन पळणं माझ्या वयाच्या माणसाला शक्य नसतं आणि शक्य असतं तरी वाटेत रेंज जाते. हे त्या कोडची कल्पना काढणाऱ्या वातानुकूलित डोक्याला कुणी सांगितलंच नसावं.

तोवर आईला चक्कर यायची बाकी होती. सासूबाई सोफ्यावर बसून ‘आपल्या वेळी कसं होतं’ हा अध्याय सुरू करत होत्या, आणि खरं सांगतो, त्या दिवशी त्यांचं प्रत्येक वाक्य मला पटत होतं. शेवटी तो मुलगा हळूच म्हणाला, ‘सर, सिस्टीम घेतच नाहीये. तुम्ही पूर्ण रेटने भरा, कंपनीकडून नंतर रिफंड मागा.’ आमच्या मागून आलेलं सांगलीचं एक कुटुंब तेवढ्यात किल्ली घेऊन खोलीकडे गेलंसुद्धा. त्यांनी आठवड्यापूर्वी हॉटेललाच फोन केला होता. ‘जरा बघा की ओ’ म्हणाले होते. त्यांचा भाव आमच्या सवलतीच्या भावापेक्षा कमी होता! मालकाचं तरी काय चुकलं? ॲपवाल्यांचं कमिशन तो कुणाच्या बिलात घालणार?

हेल्पलाइनला जरूर फोन करा. वडाखालूनच करा.

जेवायला मात्र आम्ही मागच्या आळीतल्या एका घरगुती खानावळीत गेलो. सुरमईची थाळी, गरम भाकरी. तिथेही सवयीने ‘काही ऑफर आहे का?’ असं विचारून पाहा. आमच्या मोठ्या चिरंजीवांनी विचारलं. काकू नुसत्या हसल्या आणि न मागता सोलकढीची दुसरी वाटी ठेवली. ओटीपी मागितला नाही.

पुढचा सल्ला रिफंडबद्दल लिहिणार होतो: संयम ठेवा, बॉटशी प्रेमाने बोला, ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’ हे वाक्य आल्यावर त्याचे आभार माना, वगैरे. पण आता पुरे झाली ही थट्टा. मला खरंच संताप आला आहे.

अहो, रेंज नसलेल्या ठिकाणी फोन दाखवूनच मिळणारी सवलत विकायची, याला काय म्हणायचं? किनाऱ्यावर आणि घाटात रेंज जाते हे तुम्हाला ठाऊक नाही? तुमची ॲपं बनवणारी पोरं कधी कणकवलीच्या पुढे गेलीच नाहीत? आणि तांत्रिक अडचण सांगू नका. माझ्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग टोल कापून घेतो, माझा फोन चालू आहे की बंद याची त्याला पर्वा नसते. कोकण रेल्वेतला टीसी यादीत नाव आणि हातातलं ओळखपत्र बघून पुढे जातो, मग गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात का असेना. वेळेनुसार बदलणारा कोडसुद्धा फोनमध्ये इंटरनेटशिवाय तयार होतो, कित्येक कंपन्यांचे नोकर रोज त्यावर लॉगिन करतात. तुम्हाला जमत नाही असं नाही. तुम्हाला करायचं नाही. न वापरलेलं व्हाउचर म्हणजे तुमचा निव्वळ नफा, हे न कळण्याइतके आम्ही दूधखुळे नाही.

खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पानावर भाव वाढवणं, एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरात ‘डार्क पॅटर्न’ म्हणून नावं देऊन बंद केलं आहे. असे 13 प्रकार यादीत आहेत. ती यादी तुमच्या ऑफिसात सूचना म्हणून वाचता की पाककृती म्हणून?

आणि वाचकहो, तुम्हालाही सांगतो. त्या रिसेप्शनवरच्या पोरावर ओरडू नका. आमच्यासमोर एक गृहस्थ त्याला नाही नाही ते बोलले. तो वेंगुर्ल्याचा, पहिलीच नोकरी, कोड त्याने बनवलेला नाही. ओरडायचं असेल तर 1915 ला लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे, तक्रार क्रमांक घ्या आणि पिच्छा सोडू नका. ‘जाऊ दे, आठशे रुपयांसाठी कोण डोकं लावणार’ असं आपण सगळेच म्हणतो, आणि नेमकं त्याच्यावरच यांचं दुकान चालतं.

मी तक्रार केली आहे. काल उत्तर आलं: रक्कम तुमच्या ‘ट्रॅव्हल वॉलेट’मध्ये जमा केली आहे, 90 दिवसांत पुढच्या सहलीसाठी वापरा. नको मला वॉलेट. नकोत पॉइंट. माझ्या बँकेच्या खात्यातून घेताना तुम्हाला दोन सेकंद पुरले होते, त्याच खात्यात परत करा.